पंधरा टनांतले पंचेचाळीस किलो

नवापूर म्हटलं की अनेकांना नंदुरबार जिल्ह्यातलं आठवतं. हे ते नव्हे. बोईसरहून पश्चिमेला निघालं, तारापूर एमआयडीसीची कुंपणं संपली, की समुद्राला टेकलेलं पालघर जिल्ह्यातलं नवापूर लागतं. त्याच्या उत्तरेला काही किलोमीटरवर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. तेव्हापासून या पट्ट्यातल्या लोकांच्या कानावर ‘मिलिसिव्हर्ट’ हा शब्द अधूनमधून पडत आला आहे. अशा केंद्रामुळे सामान्य नागरिकाला मिळू शकणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ठेवली आहे. माती, खडक, हवा आणि आकाशातून माणसाला नैसर्गिकरीत्या मिळणारा किरणोत्सार जागतिक सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो.

आता दुसरा आकडा बघा. रक्ताचा कर्करोग झालेल्या तरुण, बऱ्यापैकी धडधाकट माणसाला नाळेतल्या रक्ताचं प्रत्यारोपण करायचं असेल, तर काही केंद्रं आधी त्याच्या सगळ्या शरीरावर १३.२ ग्रे इतका किरणांचा मारा करतात. चार दिवस, रोज दोनदा. ग्रे आणि सिव्हर्ट ही मापं वेगळी असली तरी अशा किरणांसाठी हिशेबापुरते ते १३,२०० मिलिसिव्हर्ट होतात. एकदम ४ ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. म्हणजे डॉक्टर जाणूनबुजून त्या मात्रेच्या तिपटीहून जास्त देतात. हप्ते पाडल्यामुळे फुप्फुसं आणि आतडी तग धरतात. अस्थिमज्जा मात्र संपते, आणि तेच हवं असतं.

अस्थिमज्जा संपते म्हणजे किती मोठा कारखाना बंद पडतो? निरोगी माणसाच्या हाडांच्या पोकळीत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. २०११ च्या जनगणनेत आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीत ३० लाखांच्या आसपास माणसं होती. तेवढ्या पेशी दीड सेकंदात. दिवसाचा हिशेब २० हजार कोटींच्या घरात जातो, आणि जंतूंशी पहिल्यांदा भिडणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणखी १० हजार कोटी. हा सगळा पसारा चालवणाऱ्या मूळपेशी किती असाव्यात? २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने, एका निरोगी माणसाच्या पेशींमधल्या जनुकीय बदलांवरून वंशावळ मांडून, रक्त घडवण्यात प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या मूळपेशींचा आकडा ५० हजार ते २ लाख असा काढला. वरचा आकडा धरला तरी एकेका मूळपेशीच्या खाती रोज १५ लाख पेशी येतात. अर्थात तिच्या लेकी-नातींनी केलेलं काम तिच्या नावावर मांडायचं, असा हा हिशेब.

अणुभट्टी आणि मज्जा यांचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. मज्जा प्रत्यारोपणाची विद्या अणुयुगाच्याच पोटी जन्मली. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा जणांना प्रचंड किरणोत्सार बसला. त्यांना पॅरिसला नेलं. तिथे जॉर्ज माते यांनी पाच जणांना नात्यात नसलेल्या फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. त्यांतले चार वाचले. पुढच्या वर्षांत अशा प्रयोगांमध्ये एक विचित्र आजार पुन्हा पुन्हा दिसू लागला. मज्जा रुजते, रक्त तयार होऊ लागतं, आणि मग रुग्णाची त्वचा लाल होऊन सोलवटते, पाण्यासारखे जुलाब लागतात, कावीळ होते. एरवी बाहेरचं मूत्रपिंड बसवलं की शरीर त्याच्यावर हल्ला करतं. इथे उलटं होतं. बाहेरून आलेल्या पेशीच संपूर्ण शरीराला परकं ठरवतात. त्याला ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज म्हणतात. वॉर्डातली माणसं सरळ जीव्हीएचडी म्हणतात.

आपल्याकडे हे प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. मज्जा तिच्या भावाची होती. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. मोठ्या कुटुंबांच्या काळात हा आकडा तितका वाईट नव्हता.

भावंड जुळलं नाही तर? जगभरच्या नोंदवह्यांमध्ये आज ४ कोटींहून जास्त दात्यांची नावं आहेत, पण जुळवायच्या, पेशींवरच्या एचएलए खुणांचे आजवर नोंदलेले प्रकारही ४० हजारांच्या वर गेले आहेत. दुर्मीळतेची ओळख मुंबईला जुनी आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे शोधलेला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो, आणि तो मिळवताना रक्तपेढ्यांची तारांबळ उडते. एचएलएच्या बाजारात दहा हजारांत एक म्हणजे चैनच. गंमत अशी की मूळपेशी देताना साधा रक्तगट जुळण्याची गरजच नसते. एचएलए जुळला आणि रक्तगट वेगळा असला, तरी काम होतं. काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगट दात्याचा होऊन बसतो. आधार कार्डाच्या जमान्यात माणसाचा रक्तगट बदलतो, हे ऐकून कारकुनांची जी पंचाईत होत असेल, ती वेगळीच.

या कोंडीत नाळेतल्या रक्ताने वाट काढली. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलिअन ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. ते रक्त हॅल ब्रॉक्समायर यांच्या इंडियाना इथल्या प्रयोगशाळेत गोठवून विमानाने समुद्रापार आणलं होतं. मुलगा बरा झाला. तेव्हापासून जगात नाळेच्या रक्ताची ४० हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली आहेत.

नाळेच्या रक्ताचा मोठा गुण असा की ते पूर्ण जुळावं लागत नाही. सहापैकी चार खुणा जुळल्या तरी चालतं. त्यातल्या टी-पेशी, म्हणजे जीव्हीएचडी घडवणाऱ्या पेशी, अजून कोऱ्या असतात. गर्भाबाहेरच्या जंतूंशी त्यांची गाठ पडलेली नसते. शिवाय त्या मुळातच कमी असतात, मज्जेच्या तुलनेत साधारण दहापट कमी. हल्ली मोठ्या माणसाच्या हातातल्या शिरेतून, यंत्रावर काढलेल्या मूळपेशींबरोबर तर मज्जेच्याही दहापट टी-पेशी येतात. म्हणजे ती पिशवी आणि नाळेची पिशवी यांत टी-पेशींचा फरक शंभरपटीच्या आसपास. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या युरोपातल्या अभ्यासात प्रौढांना दिलेल्या ९८ नाळ-प्रत्यारोपणांची तुलना ५८४ मज्जा-प्रत्यारोपणांशी केली होती. नाळेचं रक्त कमी जुळलेलं असूनही तीव्र जीव्हीएचडीची जोखीम त्या गटात मज्जेच्या गटाच्या निम्म्याहून थोडी वर, इतकीच निघाली.

मग अडचण कुठे आहे? वजनात. नाळेची एक चांगली पिशवी म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर रक्त आणि त्यात शंभरेक कोटी केंद्रकवाल्या पेशी. किमान अपेक्षा किलोमागे अडीच कोटींची. पंधरा किलोच्या मुलाला साडेसदतीस कोटी लागतात. पिशवीत हवं त्याच्या अडीचपटीहून जास्त आहे. सत्तर किलोच्या माणसाला १७५ कोटी लागतात, आणि पिशवी निम्म्याच्या जरा पुढे जाऊन संपते.

शंभर कोटी ही संख्या डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून वाडा कोलम घेऊ. पालघर जिल्ह्यातलाच, भौगोलिक मानांकन मिळालेला बारीक तांदूळ. हजार दाण्यांचं वजन १५ ग्रॅम धरलं, तर नाळेची पिशवी म्हणजे १५ टन तांदूळ, दीड ट्रक. प्रौढ दात्याच्या मज्जेतून एका प्रत्यारोपणासाठी दोन हजार कोटी पेशी काढल्या, तर ते ३०० टन, तीस ट्रक. आणि हा सगळा माल पेरायचा नाही. पिशवीत रक्त घडवू शकणाऱ्या, सीडी-३४ खूण असलेल्या पेशी हजारात तीनेक. म्हणजे दीड ट्रक धान्यात बियाण्याचं म्हणाल तर ४५ किलो, एखादं पोतं. त्यातलेही सगळे दाणे दीर्घकाळ पीक देणारे नसतात. आणि एवढ्या बियाण्यावर सत्तर किलोच्या माणसाची सगळी जमीन उभी करायची.

नाळ-प्रत्यारोपणानंतर जीव्हीएचडी आणि तत्सम रोगप्रतिकारक गुंतागुंत टाळणं हे वेगळं शास्त्र का झालं, ते या आकड्यांमुळे कळतं. मज्जेला जी औषधं चालतात, ती बियाणं पोतंभर असताना चालतीलच असं नाही. मेथोट्रेक्झेट हे जुनं आणि भरवशाचं औषध नव्याने रुजणाऱ्या पेशींनाही झोडपतं, म्हणून पाश्चात्य केंद्रं नाळेसाठी ते सहसा टाळतात. जपानात कमी मात्रेत वापरतात. जपानच्या अनुभवाला वजन आहे, कारण तिथे दर वर्षी हजाराहून जास्त नाळ-प्रत्यारोपणं होतात. सशाच्या रक्तातून बनवलेलं एटीजी टी-पेशींचा फडशा पाडतं, आणि ते आठवडाभरच्या वर शरीरात रेंगाळतं. नाळेतून आलेल्या मोजक्या कोऱ्या टी-पेशीही त्यात जातात आणि मग सुप्त विषाणू उठतात. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी किलोमागे ५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड देण्याची युक्ती इतर प्रत्यारोपणांत क्रांतिकारक ठरली. सत्तर किलोला एका दिवसात साडेतीन ग्रॅम. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४३१ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत वर्षभरात जीव्हीएचडीचा मोठा फटका न बसता आणि रोग न उलटता जगलेले या गटात ५२.७ टक्के होते, जुन्या पद्धतीच्या गटात ३४.९ टक्के. प्रौढांच्या नाळ-प्रत्यारोपणात मात्र हात आखडता घेतात. पोत्यातलं निम्मं बियाणं जळालं तर?

म्हणून उरतं ते मुख्यतः सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, आणि जोडीला मायकोफेनोलेट. काही ठिकाणी सायरोलिमस. ही चारही औषधं बुरशी आणि मातीतल्या जिवाणूंची देणगी. सायक्लोस्पोरिन १९६९ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरून सुट्टीत उचललेल्या मातीतल्या बुरशीतून आलं. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबाच्या मातीत सापडलं. मायकोफेनोलिक आम्ल बार्तोलोमेओ गोसियो या इटालियन वैद्याने १८९३ मध्येच सडक्या मक्यावरच्या बुरशीतून काढलं होतं. सायरोलिमसची कथा त्याहून भारी. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूतून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं केलं. सेहगल यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठातलं. १९८३ मध्ये ती प्रयोगशाळा बंद पडली, संशोधन गुंडाळलं गेलं, तेव्हा या गृहस्थांनी जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून जपले. सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता मात्रा किती? तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल टनांत मोजला जातो. सायक्लोस्पोरिनची पातळी सकाळच्या गोळीआधी एका मिलिलिटर रक्तात २०० ते ४०० नॅनोग्रॅम ठेवायची असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. मधला आकडा ३०० धरून पाच लिटर रक्तात किती औषध फिरतंय ते काढलं तर दीड मिलिग्रॅम येतं. टॅक्रोलिमस त्याहून जहाल, मिलिलिटरला ५ ते १५ नॅनोग्रॅम. १० धरले तर सगळ्या रक्तात मिळून ०.०५ मिलिग्रॅम, वीस हजार माणसांच्या रक्तातलं औषध गोळा करावं तेव्हा एक ग्रॅम भरेल. पातळी खाली घसरली की जीव्हीएचडी डोकं काढतो, वर गेली की मूत्रपिंड बसतं, हात थरथरतात. नाळेच्या बाबतीत पहिल्या महिन्यात ही पातळी सांभाळणं फार महत्त्वाचं, कारण पेशी रुजण्याच्या सुमारास ताप, पुरळ, अंगात पाणी साठणं असा प्रतिकारशक्तीचा एक वेगळाच भडका उडू शकतो.

आणि ही पातळी कशाने हलते पाहा. कोकणात आढळणारं पपनस आतड्यातलं औषध मोडणारं विकर रोखतं. टॅक्रोलिमस घेणाऱ्या रुग्णाने ते खाल्ल्यावर पातळी चढल्याची नोंद आहे. बुरशीविरोधी व्होरिकोनॅझोल सुरू केलं की टॅक्रोलिमसची मात्रा एक तृतीयांशावर आणावी लागते. क्षयावरचं रिफॅम्पिसिन याच्या अगदी उलट वागतं, पातळी पार जमिनीवर आणतं. वर्षाला २८ लाखांच्या आसपास नवे क्षयरुग्ण असलेल्या देशात हा किरकोळ मुद्दा नाही. दहांत नऊहून अधिक भारतीय प्रौढांच्या शरीरात सायटोमेगॅलो विषाणू लहानपणापासून दबा धरून असतो; त्याला ओळखणारी एकही अनुभवी टी-पेशी नाळेच्या पिशवीत नसते. कोरेपणामुळे जीव्हीएचडी सौम्य राहतो, आणि त्याच कोरेपणामुळे विषाणूला रान मोकळं मिळतं. हा व्यवहार एका हाताने घेतो आणि दुसऱ्याने देतो.

पेशी कमी पडतात म्हणून दोन पिशव्या द्यायची कल्पना मिनेसोटात पुढे आली. दोन अनोळखी बाळांचं रक्त एकाच माणसात. शेवटी बहुतेकांमध्ये एकच बाळ उरतं. एका पिशवीच्या टी-पेशी दुसरीला हुसकावून लावतात. २०१४ च्या चाचणीत २२४ मुलांना आणि किशोरांना एक किंवा दोन पिशव्या दिल्या. वर्षअखेर जिवंत राहिलेले एका पिशवीच्या गटात ७३ टक्के, दोनच्या गटात ६५ टक्के, आणि दोनवाल्यांत तीव्र जीव्हीएचडी जास्त. जिथे एक पुरते तिथे दुसरी घालू नये, एवढं त्यातून पक्कं झालं. दुसरा मार्ग, पिशवी प्रयोगशाळेत वाढवण्याचा. अमेरिकेने १७ एप्रिल २०२३ रोजी मान्यता दिलेल्या ओमिड्युबिसेलच्या १२५ रुग्णांच्या चाचणीत न्यूट्रोफिल १२ दिवसांत वर आले, साध्या नाळेत २२ दिवसांत. दहा दिवस वाचले, आणि ते संसर्गाचे सगळ्यात धोक्याचे दहा दिवस. किंमत ३ लाख ३८ हजार डॉलर, त्या वेळच्या भावाने पावणेतीन कोटींच्या पुढे.

भारताने हे गणित पाहून वेगळा रस्ता धरला. आई, बाप, मुलगा, मुलगी हे सगळे नेहमीच निम्मे जुळतात. भावंडही निम्मं जुळण्याची शक्यता दोनांत एक. ‘हाफ मॅच’ आणि नंतर सायक्लोफॉस्फामाइड, हा मार्ग इथे पसरला. सोयीसाठी पसरला असेल, पण आकडेही त्याच्या बाजूने गेले. ३६८ प्रौढांच्या अमेरिकन चाचणीत, २०२१ मध्ये, दोन पिशव्या नाळ आणि निम्मा जुळलेला नातलग यांची समोरासमोर तुलना झाली. दोन वर्षांनी जिवंत होते ४६ टक्के आणि ५७ टक्के. नाळेची बाजू घ्यायची तर एक गोष्ट सांगायला हवी: सिएटलच्या ५८२ रुग्णांच्या अभ्यासात, प्रत्यारोपणाआधी कर्करोगाचा सूक्ष्म अंश शिल्लक असलेल्यांमध्ये नाळ घेतलेल्यांचा रोग कमी उलटला. कोऱ्या पेशी कर्करोगावर मात्र चांगल्याच तुटून पडतात असं दिसतं.

मग प्रसूतिगृहात गरोदर बाईच्या हाती जी नाळ साठवण्याची माहितीपत्रकं पडतात, त्यांचं काय? देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या पुढे जन्म. प्रत्येकामागे १०० मिलिलिटर धरले तर २३ लाख लिटर रक्त. पूर्वी वार परसात पुरायचे, आता ती पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते, आणि माहितीपत्रक ‘वाया जातंय’ म्हणून हळहळतं. पण स्वतःचीच नाळ स्वतःला वीस वर्षांत उपयोगी पडण्याची शक्यता भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या निवेदनात ०.०४ ते ०.०००५ टक्के दिली आहे, म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर दोष त्या रक्तातही असतोच. आणि साठवायला रक्त मिळावं म्हणून नाळ घाईने बांधली, तर बाळाचं नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटना एक ते तीन मिनिटं थांबायला सांगते. तेवढ्यात बाळाला काही महिन्यांचं लोह मिळतं. पालघरच्या पाड्यांवर, जिथे आईच रक्तक्षयाने फिकट असते, तिथे त्या रक्तावर पहिला हक्क कुणाचा, यावर मला तरी वाद दिसत नाही. आज चाळिशीत असलेल्या कुणाचीच नाळ कुठे साठवलेली नाही. त्याच्या जन्माच्या वेळी जगात असं प्रत्यारोपणही झालेलं नव्हतं. प्रौढाला मिळते ती नेहमी दुसऱ्याच्या बाळाची पिशवी, सार्वजनिक पेढीतली.

बोईसरहून चर्चगेटकडे शंभरेक किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, तरी प्रत्यारोपणानंतरचे पहिले शंभर दिवस रुग्णाला रुग्णालयाजवळच खोली घ्यावी लागते, कारण ताप आला तर तासाभरात खाटेवर पोहोचायचं असतं. मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की ‘काउंट आले’ म्हणतात. नाळेनंतर त्याला बहुधा तीन-चार आठवडे लागतात. टी-पेशींची जाणती फौज उभी राहायला वर्ष आणि त्याहून जास्त.

ती उभी राहतेय तोवर जुन्या लसींची आठवणही पुसली गेलेली असते. म्हणून सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान चाळीस वर्षांच्या माणसाला घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला आणि पोलिओ यांच्या लसी पुन्हा पहिल्यापासून टोचतात; पोलिओची सुईने, तोंडावाटे नाही. बीसीजी देत नाहीत, ती जिवंत जिवाणूंची. गोवराची लसही जिवंत विषाणूंची, म्हणून तिला किमान दोन वर्षं थांबावं लागतं, आणि दोन वर्षं झाली तरी जीव्हीएचडी शिल्लक असेल किंवा सायक्लोस्पोरिन अजून चालू असेल, तर ती तारीख पुढे जाते.